कामाला धनी कोण?

मागील अंकात या सदरात मी ओझरते लिहिले होते की ज्या कामाला धनी नसतो, ते काम कोणत्याही संस्थेला सर्वांत महाग पडते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरले. बहुतेकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच आहे: पद नाही, अधिकार नाही, पण काम डोळ्यांसमोर बिघडताना दिसते, अशा वेळी पुढे व्हावे की गप्प बसावे? पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची व त्यांच्या संस्थांची ओळख गाळली आहे आणि लांबलेली पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : चाकण परिसरातील वाहनांच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी तीन वर्षांपासून गुणवत्ता विभागात कनिष्ठ अभियंता आहे. आवक तपासणीत नापास झालेला माल आमच्याकडे स्टोअर्सच्या मागे एका जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. तो परत पाठवायचा, दुरुस्त करून घ्यायचा की सवलतीने (म्हणजे दोष चालवून घेऊन) स्वीकारायचा, हे ठरवायला खरेदी, उत्पादन आणि गुणवत्ता अशा तीन विभागांच्या सह्या लागतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माल दोन-दोन महिने पडून राहतो. मी यात लक्ष घालू लागलो, तेव्हा खरेदी विभागाच्या व्यवस्थापकांनी सर्वांसमोर विचारले, "तुला हे कुणी सांगितलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर 'कुणीच नाही' हेच आहे आणि ते देताना ओशाळण्याचे कारण नाही. मात्र त्यांनी तुमच्या तोंडून काय ऐकले असेल, याचा विचार आधी करायला हवा. तुम्ही बहुधा 'हा माल दोन महिने पडून आहे' असे म्हणाला असाल. त्यांनी 'हा माल तुमच्यामुळे दोन महिने पडून आहे' असे ऐकले, आणि तेही चारचौघांत. धनी नसलेल्या कामाला हात लावला की आजवर तो न लावणाऱ्या प्रत्येकाला आपल्यावर ठपका आल्यासारखे वाटते, हे गृहीत धरूनच पुढचे पाऊल टाकावे लागते.

माझी पहिली नोकरी १९८७ साली पिंपरीतील एका कारखान्यात तपासनीस म्हणून होती, आणि तुमच्या पत्रातील पिंजरा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आमच्याकडे नापास मालाची चिठ्ठी कार्बन घालून चार प्रतींत लिहिली जाई. पुरवठादार, स्टोअर्स, खरेदी आणि लेखा असा त्या प्रतींचा क्रम होता. प्रत्यक्षात खरेदीच्या प्रतीवर सही झाल्याखेरीज पुरवठादाराची प्रत हलत नसे, आणि खरेदीची प्रत एकदा खणात गेली की ती तिथेच मुक्काम ठोकी. एका दुपारी मी पिंजऱ्यातील सगळी लेबले वाचायला बसलो. सर्वांत जुन्या लॉटच्या लेबलावरची शाई पार उडाली होती, पण खोक्यावर खडूने लिहिलेली तारीख शिल्लक होती. तिच्यावरून तो लॉट चौदा महिने तिथे गंजत असल्याचे निघाले. मी एक दोनशे पानी वही आणली आणि तीत पाच रकाने आखले: चलान क्रमांक, आवक तारीख, नग, सध्या कोणाकडे थांबले आहे आणि किती दिवस. 'कोणाची चूक' असा सहावा रकाना आखण्याचा मोह झाला होता. तो आवरला, एवढे शहाणपण त्या वयात कुठून आले कोण जाणे.

दर सोमवारी चहाच्या सुट्टीआधी ते पान नव्याने लिहून मी तिन्ही विभागांच्या लिपिकांपुढे ठेवत असे. तीन आठवडे ते कोणी वाचले नाही. चौथ्या आठवड्यात लेखा विभागातील एक वयस्क कारकून स्वतः वही मागायला आले, कारण पुरवठादारांच्या बिलांतून वजा करायच्या रकमा त्यांना जुळत नव्हत्या आणि त्यांना हवी असलेली माहिती साऱ्या कारखान्यात त्या वहीतच काय ती एके ठिकाणी होती. तेथून वहीला किंमत आली. मला कोणी नेमले नव्हते, तरी एखाद्या लॉटचे घोडे कुठे अडले आहे हे पाहायचे झाले की लोक वही मागू लागले.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र फारसा अभिमानास्पद नाही. सहा महिन्यांनी मला त्या वहीची नशा चढली. एका पुरवठादाराचा टेम्पो नवा माल उतरवून रिकामा परत निघाला होता. त्याच पुरवठादाराचे १४० नापास ब्रॅकेट पिंजऱ्यात पडलेले मला पाठ होते. मी ते टेम्पोत चढवले आणि गेटपासवर अधिकाऱ्यांच्या 'करिता' अशी सही ठोकून दिली. संध्याकाळी समजले की त्यांतील साठ ब्रॅकेट सवलतीने वापरायचे असे उत्पादन विभागाने सकाळीच तोंडी ठरवले होते. दुसऱ्या पाळीची लाईन दोन तासांहून अधिक काळ उभी राहिली आणि माझ्या नोकरीतील पहिला मेमो मला मिळाला. तो रास्तच होता. सहा महिने मी ज्या कामाचा धनी होतो, ते काम पाठपुराव्याचे होते; त्या दिवशी मी निर्णयाचा धनी होऊन बसलो. पाठपुरावा कोणीही आपल्या अंगावर घेऊ शकतो. निर्णय ज्याच्या सहीचा आहे त्याच्याकडेच राहायला हवा, कारण त्या सहीमागे आपल्या कानावर न आलेल्या चार गोष्टी असू शकतात.

व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या अमेरिकन विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२० च्या दशकात मांडले होते की आज्ञा एका माणसाने दुसऱ्याला देण्यापेक्षा दोघांनी मिळून परिस्थितीचा अभ्यास करावा आणि परिस्थिती जे सांगेल ते ऐकावे. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार तुमच्या पिंजऱ्याला तंतोतंत लागू पडतो. खरेदी व्यवस्थापक तुमचे ऐकणार नाहीत आणि त्यांनी ते का ऐकावे, हाही प्रश्नच आहे. पण तारखा आणि आकडे त्यांना ऐकावे लागतील.

तुमच्या बाबतीत परिस्थितीचे म्हणणे बरेच स्पष्ट आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराच्या मालाबद्दल हरकत घ्यायची असेल, तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी घ्यावी लागते. तशी हरकत गेली नाही, तर माल ज्या दिवशी आला त्याच दिवशी तो स्वीकारला असे धरले जाते. पैसे देण्याची मुदत करारात कितीही लिहिली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ती उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. म्हणजे तुमच्या पिंजऱ्यात हरकतपत्राविना सोळावा दिवस उजाडलेला नापास माल कायद्याच्या दृष्टीने स्वीकारलेला ठरू शकतो. आजवर गुणवत्ता विभागाची कटकट वाटणारा हा विषय या एका मुद्द्याने खरेदी आणि लेखा विभागांचा होतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. प्रथम तुमच्या थेट वरिष्ठांच्या कानावर घाला. कनिष्ठाने केलेले चांगले काम वरिष्ठाला तिसऱ्याच माणसाकडून समजले, तर ते चांगले राहत नाही. मग खरेदी व्यवस्थापकांना एकट्याने भेटा किंवा साधा संदेश पाठवा, साधारण असा: "साहेब, पिंजऱ्यात आज नऊ लॉट आहेत. त्यांपैकी तीन लॉटना परवा पंधरा दिवस पूर्ण होतात. दोन लॉटवर उत्पादनाचे मत आले आहे, तुमची सही झाली की ते परत जाऊ शकतील. तिसऱ्याचे काय करायचे ते कळवावे. उद्या दुपारी चारपर्यंत काही ठरले नाही, तर हरकतीच्या पत्राचा मसुदा तुमच्या सहीसाठी ठेवतो." या मजकुरात तक्रार नाही, उपदेश नाही, आणि वाचणाऱ्याला करायचे काम एका सहीपुरते उरले आहे. आठ-दहा आठवडे न चुकता हे केलेत तर दर आठवड्याला पिंजऱ्यापाशी उभ्याउभ्या पंधरा मिनिटे भेटण्याची सूचना करता येईल. ती बैठक खरेदी व्यवस्थापकांच्या नावाने बोलावली जावी, हे बघा. वही तुमच्याकडे राहू द्या.

प्रश्न : मराठवाड्यातील एका तालुक्याच्या शासकीय कार्यालयात मी लिपिक-टंकलेखक म्हणून आठ महिन्यांपूर्वी रुजू झाले. माझ्या आधीचे लिपिक निवृत्त झाले, त्यांचे कपाट मला जसेच्या तसे मिळाले. कोणते प्रकरण कुठे आहे ते समजत नाही आणि लोक खेटे घालतात. मी संध्याकाळी थांबून कपाट लावू लागले, तर सहकारी म्हणतात, "नवा पायंडा पाडू नका, उद्या आम्हालाही करावे लागेल." वरिष्ठ तोंडी 'करून टाका' म्हणतात, पण कागदावर काही देत नाहीत.

उत्तर : तुम्हाला अधिकार नाही असे वाटते आहे, परंतु खासगी नोकरीतील कोणाही कनिष्ठापेक्षा तुमच्या पायाखाली लेखी आधार अधिक भक्कम आहे. तुम्ही कोणताही नवा पायंडा पाडत नाही. महाराष्ट्राच्या शासकीय कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत तुमच्या सहकाऱ्यांच्या जन्माआधीपासून विहित आहे: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन (दुसरीकडून उत्तर यायचे असलेली) प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे), अभिलेख कक्षात पाठवायची निर्णीत प्रकरणे, स्थायी आदेश संचिका आणि नष्ट करायची कागदपत्रे. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी फेररचना केली आणि जी 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली गेली, तिचाही पाया प्रत्येक टेबलावरील कागद जागच्या जागी असणे हाच होता. हुकूम जिल्हाधिकाऱ्यांचा होता हे खरे. गठ्ठे मात्र टेबलावरच्या लिपिकांनीच बांधले.

दुसरा आधार २००५ च्या कायद्याचा. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा हा कायदा बदल्यांपुरताच सर्वांच्या लक्षात राहतो. त्याच्या उत्तरार्धात असे म्हटले आहे की कोणतीही नस्ती (फाईल) कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. म्हणून तुमच्या कपाटातील पहिला गठ्ठा वेगळा करणे हे समाजकार्य नाही. ती तुमची स्वतःची बचाव-व्यवस्था आहे. उद्या एखाद्या अर्जदाराने तक्रार केली, तर ते प्रकरण निवृत्त लिपिकाच्या काळातले होते हे तारखांनिशी दाखवता यावे, एवढ्यासाठी तरी आलेल्या कागदांची व त्यांच्यावरील कार्यवाहीची कार्यविवरण नोंदवही अद्ययावत असायला हवी.

तोंडी आदेशांचे उत्तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये आहे. वरिष्ठांचे निदेश शक्य तेथे लेखी घ्यावेत आणि ते शक्य नसेल, तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी, असे हे नियम सांगतात. हा नियम वरिष्ठांच्या तोंडावर फेकू नका. टिप्पणीत शांतपणे लिहा: "दि. अमुक रोजी झालेल्या चर्चेत दिलेल्या निर्देशानुसार सोबतचा मसुदा तयार केला आहे. आदेशार्थ सादर." कार्यालयात ही भाषा सर्वांच्या रोजच्या वाचनातील आहे, त्यामुळे ती कोणाला खुपत नाही, आणि तरीही काम चोख होते. त्यांनी सही केली तर आदेश मिळाला. केली नाही, तर नस्ती तुमच्याकडून पुढे गेल्याची तारीख मिळाली.

दोन पथ्ये पाळा. दुसऱ्याच्या कपाटाला, त्याने मदत मागितली तरी, त्याच्या गैरहजेरीत हात लावू नका. आणि सहावा गठ्ठा बांधून, यादी करून, वर पाठवा. एक कागदही स्वतःच्या निर्णयाने फाडू नका, मग तो कितीही निरुपयोगी दिसो. सहकाऱ्यांच्या टोमण्यांचे म्हणाल, तर खेटे घालणारा एखादा वयस्क अर्जदार त्यांच्या टेबलावरून उठून 'त्या बाईंकडे लगेच सापडते' असे म्हणेपर्यंत ते चालतील. त्यानंतर ते वाढतील, याचीही तयारी ठेवा. पण त्याच सुमारास कोणीतरी एक जण सूत आणि गठ्ठ्याची पाटी कुठे मिळते, असे हळूच विचारायला येईल.

प्रश्न : मी नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. रक्त टिपायला वापरलेल्या मॉप आणि गॉजच्या घड्या शरीरात राहू नयेत म्हणून करायची शेवटची मोजणी पूर्ण होण्याआधीच एक ज्येष्ठ सर्जन टाके घालायला घेतात. मी "सर, काउंट झाला का?" असे विचारते. ते "चालू दे तुझं" म्हणतात. आजवर काही अघटित घडलेले नाही, पण मला रात्री झोप लागत नाही.

उत्तर : तुमची झोप उडते ही चांगली खूण आहे. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते 'विचारते' हे क्रियापद.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. उड्डाणासाठी वेग घेतलेल्या, केएलएम या डच कंपनीच्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. दुसरे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, असे त्याने विचारलेही होते. वैमानिक कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा होता. त्याने 'झाले आहे' असे ठामपणे सांगितले आणि विषय संपला. त्या अपघाताला कारणे अनेक होती, त्यामुळे सगळा भार त्या एका संवादावर टाकणे योग्य नाही. परंतु कनिष्ठाने धोक्याची सूचना प्रश्नाच्या रूपात दिली की ज्येष्ठाला ती एका शब्दात निकालात काढता येते, हे त्यातून हवाई वाहतूक क्षेत्र शिकले आणि पुढे बोलण्याची रीतच प्रशिक्षणाचा विषय झाली.

'काउंट झाला का?' या प्रश्नाचे उत्तर सर्जनकडे नसतेच. ते तुमच्याकडे असते. म्हणून विचारू नका, सांगा: "सर, मोजणी पूर्ण झालेली नाही. एक मॉप मिळत नाही. शिवायला घेऊ नका, मला दोन मिनिटे द्या." आवाज चढवण्याची गरज नाही. ऐकले गेले नाही, तर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणा, आणि तरीही काही झाले नाही तर भूलतज्ज्ञांकडे पाहून म्हणा. मोजणी जुळली नसल्याची नोंद मात्र प्रत्येक वेळी त्याच क्षणी करा.

तुम्ही हे सौजन्य म्हणून मागत नाही आहात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसृत केलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादीत १९ बाबी आणि तीन थांबे आहेत. भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्याआधी थांबायचे असते, आणि तिसऱ्या थांब्यावर उपकरणे, स्पंज व सुयांची मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने तोंडी सांगायचे असते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. तुमच्या रुग्णालयात ही यादी फाईलमध्ये असेलच. बहुधा शस्त्रक्रिया संपल्यावर कोणीतरी एकदम सगळ्या चौकोनांत खुणा करत असेल. ती वेळच्या वेळी मोठ्याने वाचण्याचे काम मी करते, असे मेट्रनना (परिचारिकांच्या प्रमुखांना) सांगून मागून घ्या. असे काम मागणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्याच भेटीत, क्ष-किरणांत दिसणारा धागा असलेलेच मॉप खरेदी होतात की नाही, हेही विचारून ठेवा.

आणि त्या सर्जनशी एकदा शस्त्रक्रियागृहाबाहेर, चहाच्या वेळी बोला. हातात सुई असलेल्या माणसाला नियम समजावून सांगता येत नाहीत. चहाचा कप असलेल्याला येतात. "मोजणी राहिली तर नाव तुमचे जाईल, सर, आणि माझेही," एवढे पुरे.

प्रश्न : हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी सहा वर्षे झाली. बैठकीचे टिपण मी काढते, नव्या मुलांना काम मी समजावते, ग्राहकाच्या रात्रीच्या कॉलला मी बसते, कुणाच्या निरोपसमारंभाची वर्गणीही मीच गोळा करते. यंदाच्या अप्रेझलमध्ये व्यवस्थापक म्हणाले, "तुझ्या कामात ओनरशिप दिसत नाही." बढती माझ्यानंतर आलेल्या सहकाऱ्याला मिळाली. आणखी काय करू?

उत्तर : आणखी काही करू नका. काही कामे सोडा.

तुम्ही लष्करच्या भाकऱ्या भाजता आहात, आणि लष्कर पोटभर जेवून तुम्हाला स्वयंपाक येत नाही म्हणते आहे. यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधण्याआधी एक गोष्ट सांगतो. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की करायला हवे पण करणाऱ्याला त्याचे श्रेय फारसे मिळत नाही अशा कामासाठी मिश्र गटांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वेळा पुढे होतात. आणि पुढे व्हा असे त्यांनाच अधिक वेळा सांगितलेही जाते. गमतीचा भाग असा, की फक्त पुरुषांचा गट असेल तेव्हा तेच पुरुष बिनबोभाट पुढे होतात. वर्गणी गोळा करण्याची कला त्यांनाही अवगत आहे, तर.

कामांची एक यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे काम बंद पडले तर कोणाला, किती दिवसांत जाणवेल. वर्गणी आज सोडा. बैठकीचे टिपण पाळीपाळीने काढायचे ठरवा, पुढच्या बैठकीच्या आरंभीच "आज टिपण कोण घेते आहे?" असे विचारून शांत बसा. ती शांतता लांबेल, पण मोडायची नाही. नव्या मुलांना शिकवणे हे खरे मोलाचे काम आहे, मात्र ते सध्या हवेत विरते. ते लिहून काढा, म्हणजे नवा मुलगा पहिले स्वतंत्र काम किती दिवसांत करू लागतो, हे आधीचे आणि नंतरचे दाखवता येईल. रात्रीच्या कॉलमध्ये ग्राहकाची जी तक्रार वारंवार येते, ती एकच उचला आणि तिच्या मुळापर्यंत जा. तसे करताना व्यवस्थापकांना लेखी कळवा की पुढील तिमाहीत ही तक्रार बंद करणे मी अंगावर घेत आहे, आणि त्यासाठी अमुक दोन कामे दुसऱ्याकडे देत आहे. ते 'दोन्ही कर' म्हणाले, तर कोणते आधी, हे त्यांनाच ठरवू द्या आणि तेही लिहून घ्या.

तुमच्या क्षेत्रात 'ओनरशिप' या शब्दाचा फार सुकाळ आहे. त्याचे मराठीत 'मालकी' केले की त्यातली मेख उघडी पडते, कारण मालकाच्या वाट्याला तोट्याबरोबर नफाही येतो. सहा वर्षे फक्त तोट्याची मालकी सांभाळल्यावर, आणि वर सांगितलेले दोन तिमाही करून पाहिल्यावरही हिशेब तोच राहिला, तर तुम्ही दुसरीकडे अर्ज करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : फोंड्यातील एका पतसंस्थेच्या शाखेत मी कॅशिअर आहे. आमचे चेअरमन प्रत्येक सभेत सांगतात, "मालकासारखे लक्ष घाला." मी शाखेचा गळका नळ प्लंबर बोलावून दुरुस्त करून घेतला, तर ३५० रुपयांसाठी मलाच स्पष्टीकरण द्यावे लागले. मग लक्ष घालायचे ते कसे?

उत्तर : चेअरमनांना एकच प्रश्न नम्रपणे आणि लेखी विचारा: शाखेच्या किरकोळ दुरुस्तीसाठी आधी न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च केलेला चालेल? उत्तरात आकडा आला, तर त्यांना त्यांच्या वाक्याचा अर्थ माहीत आहे. आकडा न येता पुन्हा भाषणच आले, तर नळ गळू द्या, त्याखाली बादली ठेवा आणि गळतीची तारीख घालून शाखाधिकाऱ्यांना चिठ्ठी द्या. आकडा आलाच, तर पहिले दोन महिने त्याच्या अर्ध्यापलीकडे जाऊ नका, आणि प्लंबरची पावती कितीही चुरगळलेली असली तरी व्हाउचरला लावा.